मासे जिवंत आहेत, म्हणजे पाण्यात करंट नाही असं नव्हे



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाची मासिक बैठक एका ताईंच्या घरी होती. सोप्यात कोपऱ्यात नवीन काचेची टाकी, त्यात लाल-सोनेरी मासे, वर दिवा, आत बुडबुडे. पोरं टाकीपुढून हलत नव्हती. बचतीची रक्कम मोजून झाली, चहा आला, तेवढ्यात ताईंनी टाकीत पडलेलं पान काढायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. आम्ही विचारलं, काय झालं? तर हसून म्हणाल्या, “काय न्हाई, जरा मुंग्या आल्यागत हुतंय. रोजचंच हाय.”

मी म्हटलं, ताई, हा करंट आहे. त्यावर त्यांचं उत्तर असं, “आवो, मासं बघा की कसं पळाल्यात. पाण्यात करंट असता तर आदी मासं मेलं नसतं का?”

बैठकीतल्या अर्ध्या जणींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही याचं उत्तर नीट देता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. फिल्टरची वायर एका ठिकाणी चिरली होती, तिथं चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती चिकटपट्टी पाण्यात होती. त्याच टाकीत त्यांचा सहा वर्षांचा नातू रोज सकाळी माशांना खाणं घालायचा.

आता आपल्याकडे बऱ्याच घरांत माशांची टाकी आली आहे. हौसेला ना नाही. पण पाणी आणि वीज शेजारी ठेवायची तर तिचा स्वभाव ओळखून ठेवायला हवी. म्हणून हा लेख.

मासे का मरत नाहीत?

विजेच्या तारेवर कावळा बसलेला आपण रोज बघतो. त्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. करंट वाहायला एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी वाट लागते. कावळ्याला ती वाट नाही.

टाकीतल्या माशाचंही बहुतेक वेळा असंच असतं. टाकी काचेची, आणि काचेतून वीज जात नाही. वायरीतून पाण्यात करंट उतरला तरी त्याला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही. सगळं पाणी सारखंच भारलेलं असतं. मासा त्यात तारेवरच्या कावळ्यासारखा फिरत राहतो.

मग आपण अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या राहून त्यात हात घालतो. त्या क्षणी वाट तयार होते: पाण्यातून हातात, हातातून छातीत, छातीतून पायात आणि पायातून जमिनीत. ती वाट म्हणजे आपण स्वतः. दुसरा हात नळावर, फ्रिजवर किंवा लोखंडी स्टँडवर असेल तर आणखी वाईट, कारण मग करंट एका हातातून दुसऱ्या हातात थेट छातीवाटे जातो.

तेव्हा मासे पळत आहेत, ही पाणी सुरक्षित असल्याची खूण नाही. आणि हाताला मुंग्या येणं हे “रोजचंच” नसतं. तो इशारा आहे. आज पायात चप्पल होती, फरशी कोरडी होती म्हणून मुंग्यांवर भागलं. उद्या फरशी पुसलेली असेल.

किती करंट पुरतो?

“इवलंसं मशीन, त्यात किती करंट असणार?” हाही नेहमीचा प्रश्न. बुडबुड्यांचा पंप तीन-चार वॅटचा असतो हे खरं. पण त्याच्या मागे घरातली पूर्ण २३० व्होल्टची लाइन असते. पंप लहान म्हणून लाइन लहान होत नाही.

एक हिशोब करू. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ४० मिलिअँपिअर करंट घेतो. एक मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. तेवढाच करंट छातीतून काही सेकंद गेला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे माणूस मरायला मोठी मोटार लागत नाही, एका बल्बाएवढा करंट पुरतो.

अमेरिकेतले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी गेल्या शतकात स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून एक गोष्ट मोजली: हातात धरलेली तार माणूस स्वतःहून कितपत करंटपर्यंत सोडू शकतो? पुरुषांची सरासरी आली सुमारे १६ मिलिअँपिअर, बायकांची सुमारे साडेदहा. त्याच्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि मूठ उघडत नाही. आपण म्हणतो “करंटनं धरून ठेवलं”, ते हेच. करंट धरत नाही, आपलेच स्नायू सोडत नाहीत. बायकांना आणि लेकरांना हा धोका पुरुषांपेक्षा कमी करंटलाच सुरू होतो. आणि घरात पाण्याशी काम कुणाचं जास्त असतं, हे मी सांगायला नको.

टाकीभोवतीच्या धोक्याच्या जागा

बुडबुड्यांचा पंप. हा टाकीबाहेर असतो आणि रबरी नळीने हवा आत सोडतो. बरेच जण तो टाकीखाली स्टँडवर ठेवतात. लाइट गेली की हवेचा दाब थांबतो आणि टाकीतलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येऊन पंपात शिरू शकतं. लाइट परत आली की ओला पंप चालू! यावर दोन उपाय आहेत. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवा. विहिरीच्या मोटारीला फूट व्हॉल्व असतो तसाच हा, पाण्याला उलटं येऊ देत नाही. माशांच्या दुकानात अगदी थोड्या पैशात मिळतो. हवा पंपाकडून टाकीकडे जाईल अशा दिशेनेच बसवा.

पाण्यातला फिल्टर. याची मोटारच पाण्यात बुडलेली असते, त्यामुळे वायर अखंड हवी. वायरीला चीर गेली, उंदरानं कुरतडली, तर फिल्टर बदला. पाण्यात राहणाऱ्या वायरीला जोड चालत नाही. चिकटपट्टी कितीही गुंडाळली तरी पाणी आत शिरतंच.

हीटर. पहिला प्रश्न, तो हवाच आहे का? बहुतेक घरांत गोल्डफिश असतो आणि तो थंड पाण्यातला मासा आहे. त्याला आपल्याकडच्या हवेत हीटर लागत नाही. उष्ण पाण्यातले मासे असतील तरच थंडीत हीटर लागतो. काचेच्या नळीचा हीटर चालू असताना पाण्याबाहेर आला की तापतो, आणि मग पाणी लागलं की तडकतो. पाणी बदलताना पातळी खाली जाते तेव्हा नेमकं हेच होतं. आधी हीटर बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पाणी काढा. तडकलेला हीटर फेकून द्या.

वरचा दिवा. टाकीवर आडवा ठेवलेला दिवा हात लागून पाण्यात पडतो. तो घट्ट बसवलेला हवा. नवीन घेताना अ‍ॅडॉप्टरवर चालणारा १२ व्होल्टचा एलईडी घ्या. पंपही अ‍ॅडॉप्टरवरचे मिळतात. मग पाण्याजवळ २३० व्होल्ट येतच नाहीत. अ‍ॅडॉप्टर मात्र चांगला, बीआयएस नोंदणी असलेला घ्या आणि टाकीपासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

बोर्ड. भिंतीवरचा बोर्ड असो की एक्स्टेंशन, तो टाकीच्या खाली किंवा अगदी मागे नको. बाजूला आणि उंचावर हवा. वायर टाकीतून सरळ बोर्डात जात असेल तर पाण्याचे थेंब वायरीवरून घरंगळत थेट पिनेत जातात. म्हणून वायरीला झोळ ठेवा. म्हणजे वायर आधी बोर्डाच्या खाली लोंबू द्या आणि मग वर नेऊन पिन लावा. थेंब झोळाच्या तळाशी येऊन खाली पडतो, वर चढत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीला मध्ये झोळ आला की पाणी तिथंच ठिबकतं, तसंच. याला एक पैसा लागत नाही.

हात घालण्याआधी पिन काढा

बटन बंद केलं म्हणजे झालं, असं आपण समजतो. पण कित्येक घरांत वायरिंग उलटं असतं. बटन फेजवर असायला हवं, ते न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग बटन बंद केलं तरी मशीनपर्यंत करंट उभाच असतो. दोन पिनची वायर तर कशीही फिरवून लावता येते. म्हणून नियम एकच: हात कोरडा असताना टाकीच्या सगळ्या पिना बोर्डातून बाहेर काढायच्या, मग हात पाण्यात. काम झालं की हात पुसायचे, मग पिना लावायच्या.

लाइट गेलेली असतानाही हाच नियम. “लाइट नाही तोवर टाकी धुऊन घेऊ” म्हणून हात घातला आणि मध्येच लाइट आली, तर? आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केला तरी काही बोर्डांत वीज चालूच असते. टाकीचा बोर्ड इन्व्हर्टरवर आहे का, हे वायरमनकडून माहिती करून घ्या.

टेस्टरवर फार विसंबू नका. टेस्टर पेटला तर धोका नक्की आहे. पण पेटला नाही म्हणून धोका नाही, असं म्हणता येत नाही.

लेकरांना खाणं घालू द्या, पण वरून टाकायला शिकवा. “पाण्यात बोट घालायचं नाही, पिनेला हात लावायचा नाही” हे घरातला कायदा म्हणून सांगा.

एमसीबी वेगळा, आरसीसीबी वेगळा

“आमच्याकडे एमसीबी आहे, करंट बसला तर तो पडतो,” असं बऱ्याच जणी म्हणतात. हा मोठा गैरसमज आहे.

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. घरातला एमसीबी ६, १० किंवा १६ अँपिअरचा असतो. सहा अँपिअर म्हणजे ६००० मिलिअँपिअर. ओल्या हाताच्या माणसातून २३० व्होल्टला साधारण २०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो. माणूस मरायला तो भरपूर आहे, पण एमसीबीच्या दृष्टीनं तो काहीच नाही. एखादी ट्यूब लावल्यासारखं त्याला वाटतं. तो पडणार नाही.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जुने वायरमन याला ईएलसीबी म्हणतात. याचं काम आपल्या खजिनदारासारखं आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो सतत मोजतो. हिशोबात तूट आली, म्हणजे करंट कुठेतरी तिसऱ्याच वाटेने जमिनीत चालला आहे. ती वाट एखादी बाई असू शकते. तूट ३० मिलिअँपिअर झाली की तो सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत लाइन तोडतो, आणि तूट मोठी असली की त्याहून कितीतरी लवकर. झटका जाणवतो, पण छातीतून करंट वाहत राहत नाही.

घेताना चार गोष्टी बघा:

१. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं हवं. १०० किंवा ३०० लिहिलेला माणसाच्या रक्षणासाठी नसतो.

२. आयएसआय मार्क हवा आणि पक्कं बिल घ्या.

३. बसवताना इन्व्हर्टरची लाइन त्याच्या बाहेर राहत नाही ना, हे विचारा.

४. त्यावर एक टेस्ट बटन असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटकन पडला तर ठीक, नाही पडला तर बदला. गटाच्या बैठकीच्या दिवशी सकाळी दाबायची सवय ठेवली तर विसरणार नाही.

चांगल्या कंपनीचा घरगुती आरसीसीबी साधारण दीड ते तीन हजारांच्या घरात येतो, मजुरी वेगळी. हे पैसे एकदम निघत नसतील तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. आपण गटातून मिक्सरला, शिलाई मशीनला कर्ज घेतो, तसं यालाही घ्यावं.

एक सावधगिरी. जुन्या वायरिंगमध्ये आरसीसीबी बसवला की कधी कधी तो सारखा पडतो. मग “कटकट नको” म्हणून तो काढून टाकला जातो, किंवा बगल देऊन लाइन सरळ जोडली जाते. असं करू देऊ नका. तो सारखा पडतोय म्हणजे घरात कुठेतरी करंट गळतोय. आधी ती गळती शोधून घ्या.

आणि आरसीसीबी आहे म्हणून बिनधास्त होऊ नका. एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हीला हात लागला, तर त्याच्या हिशोबात तूट दिसत नाही आणि तो पडत नाही. पिन काढायची सवय हे पहिलं संरक्षण, आरसीसीबी दुसरं.

तिसरं संरक्षण अर्थिंगचं. तीन पिनांतली जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब अशासाठी, की पिन लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. बोर्डात बसत नाही म्हणून ती तोडू नका. मात्र माशांच्या टाकीचे बरेच पंप प्लॅस्टिकचे, दोन पिनचे असतात. त्यांना अर्थिंगच नसतं. तिथं भरवसा आरसीसीबीचाच.

टाकीपुरतं नाही हे

घरात टाकी नसलेल्या मैत्रिणींनी पान उलटू नये. बादलीत पाणी तापवायचा रॉड, कूलर, कपडे धुवायचं मशीन, हौदातली पाण्याची मोटार, या सगळ्यांना हाच हिशोब लागू आहे. रॉड चालू असताना “पाणी तापलं का” म्हणून बोट बुडवून बघणं तर आजपासून बंद. पिन काढा, रॉड बाहेर घ्या, मग बघा.

आणि आपण कुरुंदवाड परिसरातल्या. पंचगंगा आणि कृष्णा जिथं भेटतात तिथं आपली घरं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितला आहे. तेव्हा घरच माशाची टाकी झालं होतं. पाणी चढायला लागलं की, जागा कोरडी आहे तोवर मेन बंद करा, इन्व्हर्टरही बंद करा. मेनपाशी पाणी पोचलं असेल तर तिकडे जाऊ नका. महावितरणला कळवून बाहेरून लाइन बंद करून घ्या. त्यांचा क्रमांक १९१२, किंवा १८००-२१२-३४३५.

पूर ओसरल्यावर घरी परतलो की पहिला हात बटनाकडे जातो. तो आवरा. बोर्डाच्या आत चिखल आणि ओल राहते, वरून वाळलेलं दिसतं. वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय मेन चालू करू नका. पाण्यात बुडालेले एमसीबी, आरसीसीबी उन्हात वाळवून परत वापरू नका, बदलून घ्या. मीटरला मात्र महावितरणशिवाय कुणी हात लावायचा नाही.

काही गट शोभिवंत मासे वाढवून विकण्याचा विचार करत आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या अशा युनिटसाठी महिलांना अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. चांगला धंदा आहे. पण एका टाकीच्या जागी दहा टाक्या आल्या की वायरीही दहापट येतात. प्रकल्पाचा खर्च काढताना टाक्या, मासे, खाद्य यांच्याबरोबर वेगळी लाइन, अर्थिंग आणि आरसीसीबी यांचे पैसेही पहिल्या दिवसापासून धरा.

कुणाला शॉक बसलाच तर

आधी त्या माणसाला हात लावू नका. मायेनं धावून जाऊन धरलं की एकाच्या जागी दोन जीव जातात. मेन बंद करा किंवा पिन काढा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला बाजूला ढकला. ओली काठी, लोखंडी पाइप चालणार नाही.

नंतर १०८ ला फोन. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नसेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. गाडी येईपर्यंत थांबू नका, दमलात तर दुसरीला करायला सांगा. पाणी पाजणं, अंग चोळत बसणं यात वेळ घालवू नका. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या. करंटचा त्रास कधी कधी उशिरा दिसतो.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न विषयपत्रिकेवर घ्यावेत आणि प्रत्येकीचं उत्तर इतिवृत्तात लिहावं:

१. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? टेस्ट बटन कधी दाबलं?

२. पाण्याजवळच्या एखाद्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे का?

३. टाकीचा किंवा मोटारीचा बोर्ड पाण्यापासून बाजूला आणि उंचावर आहे का?

४. घरातल्या प्रत्येकाला, लेकरांसकट, मेन कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा हे माहीत आहे का?

ज्यांच्या घरी आरसीसीबी नाही, त्या पाच-सहा जणींनी मिळून एकाच वायरमनला एकाच दिवशी बोलावलं तर मजुरीही कमी पडते आणि काम डोळ्यांदेखत होतं.

त्या ताईंच्या घरी आता नवा फिल्टर आहे, वायरीला झोळ आहे, मेनशेजारी आरसीसीबी आहे. परवा त्यांच्या घरी गेले, तर नातू टाकीसमोर उभा राहून शेजारच्या पोराला दटावत होता, “थांब! आदी पिन काढायची असती.” ताई माझ्याकडं बघून हसल्या. मासे तेव्हाही पळत होते.